डेडलिफ्टला फक्त कंबरच भरते? आधी प्लेटीचा व्यास मोज

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय २४, उंची ६ फूट, डेडलिफ्टमध्ये (दोन्ही टोकांना प्लेटी लावलेला बार, म्हणजे लोखंडी दांडा, जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं) ६० किलोवर अडकलायस, सेट झाला की कमरेत गोळा येतो, मांड्यांना काहीच जाणवत नाही, ट्रेनर म्हणतो हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, कडक आहेत तुझे, स्ट्रेचिंग कर. आणि तुझा प्रश्न हा की डेडलिफ्टमध्ये नक्की कुठले स्नायू काम करतात, बॅक डेला घ्यायची की लेग डेला. सात वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारत फिरत होते म्हणून राहवलं नाही. अरे-तुरे करतेय, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आहेस. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, माझं शरीर आणि माझा अनुभव एवढ्यावरच लिहितेय. पायात मुंग्या, बधिरपणा, पायातली ताकद कमी झाल्यासारखं वाटणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं असलं काहीही असेल तर हे वाचत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

वॉर्मअप, श्वास वगैरे तुला माहीत असेलच, ते सोडते.

स्नायूंचं उत्तर माझ्या मते असं बघ, यात काही स्नायू वजन हलवतात आणि काही नुसते धरून ठेवतात. हलवण्याचं काम दोनच सांध्यांत होतं, खुबा आणि गुडघा. बार जमिनीवरून सुटताना गुडघा सरळ होतो तिथे क्वाड्स, म्हणजे मांडीचा पुढचा भाग. खुबा उघडतो तो ग्लूट्स (ढुंगणाचे स्नायू), हॅमस्ट्रिंग आणि मांडीच्या आतल्या बाजूचा अ‍ॅडक्टर मॅग्नस यांच्या जोरावर. या शेवटच्याचं नाव कुणी घेत नाही, पण खाली वाकलेल्या अवस्थेतून उठताना तो खूप मोठा हिस्सा उचलतो, दुसऱ्या दिवशी जांघेजवळ आतून दुखलं तर घाबरू नकोस, बहुधा तोच असतो. बाकी सगळे धरून ठेवणारे. कण्याच्या दोन्ही बाजूंचे इरेक्टर कणा वाकू देत नाहीत, पोटाचे स्नायू समोरून आणि बाजूने आवळून धरतात, ट्रॅप (मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू) आणि खांद्यामागचे स्नायू हात निखळल्यासारखे लोंबू देत नाहीत, कोपराखालचे स्नायू पकड सांभाळतात, आणि लॅट्स (बगलेखालचे पाठीचे रुंद स्नायू) बारला पायाला चिकटवून ठेवतात. लॅट्सनी वजन वर जात नाही, पण ते झोपले की बार पुढे पळतो आणि मग सगळं बिघडतं.

मांड्यांना जाणवत नाही याचं एक कारण निरुपद्रवी आहे. हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा दोन्हीवरून जातो, त्यामुळे उठताना खुब्याकडून तो आखडतो आणि गुडघा सरळ होतो म्हणून तिकडून ताणला जातो, एकूण लांबी फारशी बदलतच नाही, मग लेग कर्लसारखा (गुडघा वाकवून वजन ओढायचा व्यायाम) पंप, म्हणजे स्नायू फुगल्यासारखं वाटणं, कुठून येणार. हॅमस्ट्रिंग जाणवायलाच हवा असेल तर रोमानियन डेडलिफ्ट कर, गुडघा किंचित वाकलेला तसाच ठेवून फक्त खुब्यातून वाकायचं. (रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद, १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, तो हे करायचा त्यावरून नाव पडलं.) तेव्हा मांडी शांत असण्याची काळजी करू नकोस. कमरेत गोळा येणं हे मात्र सोडून देण्यासारखं नाही. त्याचा अर्थ धरून ठेवणाऱ्यांच्या डोक्यावर कामाबाहेरचं ओझं पडतंय.

आता माझी चूक, जी मला सर्वात महाग पडली. मी ज्या जिममध्ये जायचे (नाव घेत नाही) तिथे सगळ्या लोखंडी प्लेटी, १० किलोची सगळ्यात मोठी. ६० किलो म्हणजे २० चा बार आणि दोन्हीकडे १०-१० च्या दोन. त्या प्लेटीचा व्यास नंतर टेपने मोजला तर ३० सेंमी भरला, म्हणजे बार जमिनीपासून १५ सेंमीवर. स्पर्धेत मोठ्या प्लेटी ४५ सेंमीच्या असतात, बार साडेबावीसवर येतो. साडेसात सेंमी म्हणजे चार बोटं, ऐकायला काहीच नाही. पण माझी उंची ५ फूट ८, मांड्या लांब, मी त्या बारपर्यंत पोचायला ढुंगण खाली घ्यायचे, गुडघे पुढे यायचे, गुडघ्यांनी बार पुढे ढकलला जायचा, आणि उचलताना आधी ढुंगण वर जायचं आणि मग उरलेलं सगळं कमरेने. शिवाय ट्रेनरनी सांगितलेलं की बार नडगीपासून जरा लांब ठेवा मॅडम, सोलवटेल. म्हणजे आणखी पुढे!

घरी भरलेला हंडा कडेवर घेऊन चाललो तर काही वाटत नाही, तोच हात लांब करून धरला तर दहा पावलांत कंबर बोलते, तेच हे. कमरेचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५-६ सेंमी मागे असतात, तेवढ्याच तरफेवर त्यांना समोरचं वजन तोलायचं असतं. ६० किलोचा बार १० सेंमी जास्त पुढे गेला तर त्या स्नायूंना १०० ते १२० किलोचा जादा ताण सोसावा लागतो, ढोबळ हिशोब आहे पण हिशोबच आहे, प्लेट एकही न वाढवता. आणि मला सांगितलं काय, तर तुमची फ्लेक्सिबिलिटी नाही. चार महिने, अक्षरशः चार महिने मी रोज हॅमस्ट्रिंग ताणत बसले, वर वजन वाढवत गेले, ८० वर एका शनिवारी बार गुडघ्यापर्यंत आला आणि उसण भरली. तिथेच बसले. घरी न्यायला नवऱ्याला बोलवावं लागलं. दहा दिवस चप्पल घालता येत नव्हती वाकून.

एमआरआय झाला, एल-४ एल-५ ला बल्ज, म्हणजे कमरेच्या त्या दोन मणक्यांमधली चकती फुगून बाहेर आलेली. हे ऐकून मी हादरले होते, नंतर कळलं की असा बल्ज काही न दुखणाऱ्या माणसांतही सापडतो, तेव्हा रिपोर्टवरचा शब्द वाचून आयुष्य संपलं असं समजू नका. पण तेव्हा एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की यापुढे वाकायचं नाही आणि ५ किलोच्या वर उचलायचं नाही. पाच किलो म्हणजे पिठाची पिशवी. मी आठ महिने खरंच उचललं नाही आणि त्या आठ महिन्यांनी कंबर जेवढी कमजोर झाली तेवढी उसणीनेही झाली नव्हती, हे माझं मत, तुमचा डॉक्टर वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

सुटका झाली ती एका फिजिओमुळे. त्यांनी विचारलं, बाजूने काढलेला व्हिडिओ आहे का? होता, मैत्रिणीने काढलेला. त्यांनी बार सुटण्याच्या क्षणी थांबवला, स्क्रीनवर बोट ठेवून बारपासून खाली सरळ रेघ ओढली, ती माझ्या बोटांच्याही पुढे पडत होती. पावलाच्या मध्यावर पडायला हवी म्हणाले. मग विचारलं या प्लेटी एवढ्या लहान का आहेत. बस्स.

मी जिमला जाऊन म्हटलं की बारखाली दोन्हीकडे दोन-दोन प्लेटी आडव्या ठेवते, उंची मिळेल. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं लादी खराब होते, इक्विपमेंट असं वापरायचं नाही. रबर मॅट स्वतःची आणते म्हटलं, नाही. मग वर्षाची फी भरलेली त्यातले उरलेले पैसे द्या म्हटलं, तर फॉर्मवरची सही दाखवली, स्वतःच्या जबाबदारीवर. माझा राग अजून गेलेला नाही. उसण पैशांनी भरून येत नाही हे मला मान्य आहे, पण चार बोटं उंची देण्याइतकंही ज्यांना जमत नाही त्यांनी भिंतीवर डेडलिफ्टचे फोटो लावू नयेत. मी दुसरी जिम धरली, तिथे रबरच्या बंपर प्लेटी होत्या, १० किलोचीही ४५ सेंमीची.

तर तू काय करशील. बार उंच कर आधी. मग बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोनेक सेंमी, वाकून धर आणि मग नडगी बारला आण, बार नडगीकडे ओढू नकोस. बगलेत थर्मामीटर धरल्यासारखा दंड आवळ, लॅट्स तिथेच जागे होतात. पोटात श्वास भरून पोट आवळ. आणि बार हाताने उपटण्याऐवजी पायांनी जमीन खाली ढकल. नडगी सोलवटते, खरंच सोलवटते, गुडघ्यापर्यंतचे फुटबॉलचे मोजे घाल. वर पोचल्यावर मागे झुकायची पद्धत आहे ती बंद कर, तिथे ग्लूट्स आवळून सरळ उभं राहिलं की झालं.

कमरेला बांधायच्या बेल्टबद्दल तुझ्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय. बेल्ट कंबर धरत नाही, पोटाला दाबायला भिंत देतो, पोट आवळताच येत नसेल तर उपयोग शून्य. जाड मऊ सोलचे रनिंग शूज नको, अनवाणी किंवा कॅनव्हासचे. एक तळवा पुढे एक मागे अशी पकड घेतलीस तर पुढे वळलेल्या हाताचा कोपर वाकवू नकोस, बायसेप्स तिथेच फाटतो. सुमो डेडलिफ्ट करून बघायला हरकत नाही, पाय रुंद असल्याने धड जास्त उभं राहतं, कमरेवर कमी आणि क्वाड्सवर जास्त, पण लहान प्लेटींचा प्रश्न त्याने सुटत नाही.

बॅक डे की लेग डे, मी लेग डेला घेते, कारण हलवणारे सगळे तिथलेच. आदल्या दिवशी वाकून रोइंग (वाकलेल्या अवस्थेत वजन पोटाकडे ओढणं) मात्र ठेवू नकोस, धरणारे थकलेले असतात.

उद्या ४० किलोचा एक सेट बाजूने शूट करून टाक, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेव, समोरून काढलेल्यात काही कळत नाही. आणि प्लेटीचा व्यास मोजून लिही.