पहिले वल्हे घेताना

रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या संथ पाण्यात कयाक (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नाव) शिकायचे असेल, तर वल्ह्याची लांबी आधी ठरवावी आणि किंमत नंतर पाहावी, कारण आखूड वल्ह्यामुळे हात नावेच्या काठावर घासत राहतात आणि फार लांब वल्हे नाव नागमोडी नेते. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आसपास आणि नाव सुमारे 70 सेंटिमीटर रुंद असेल, तर 230 सेंटिमीटरचे वल्हे बहुधा पुरेल. त्याहून रुंद, हवा भरायच्या कयाकसाठी 240 घ्यावे.

ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती असलेले वल्हे सर्वांत स्वस्त असते. परंतु ते साधारण एक किलो किंवा त्याहून अधिक भरते आणि तासाभरात शेकडो वेळा उचलावे लागत असल्याने शे-दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्यांना जाणवतो. शिवाय नागपूरच्या उन्हात धातूचा दांडा असा तापतो, की मी पहिल्या उन्हाळ्यात त्याला सुती कापड गुंडाळून वल्हवत असे. म्हणून थोडे अधिक पैसे घालून फायबरग्लासचा दांडा आणि नायलॉनची पाती असलेले वल्हे घ्यावे, असे माझे मत आहे. कार्बनच्या हलक्या पण महाग वल्ह्याचा मोह तूर्त टाळावा.

खरेदीपूर्वी वल्ह्याचे दोन्ही भाग जोडून सांधा डगमगत नाही ना, हे हलवून पाहावे. पात्यांमधील कोन सुरुवातीला शून्य (दोन्ही पाती एकाच पातळीत) ठेवावा, म्हणजे मनगट सारखे फिरवावे लागत नाही.