ऑफिसात सांगू का?

प्रश्न : मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) असल्याचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं. आता माझंही निदान झालंय. मी ३६ वर्षांची, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघते. तारखा चुकतात, कामं अर्धवट राहतात. रात्री उठून एंट्र्या पुन्हा तपासते, तरी साहेब म्हणतात, निष्काळजी आहात. गोळ्यांची सवय लागेल म्हणून सासूबाई नको म्हणतात. ऑफिसात सांगू का?

उत्तर : रात्री उठून एंट्र्या तपासणारी बाई निष्काळजी नसते, हे आधी सांगते. एडीएचडी घराण्यात उतरतो, त्यामुळे मुलाच्या निमित्ताने आईचं निदान होणं माझ्याकडे नेहमीचं आहे. मुलींमध्ये दंगा कमी आणि तंद्री जास्त, म्हणून शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. तुमची जुनी प्रगतिपुस्तकं काढा. ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असा शेरा सापडला तर डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंची काळजी रास्त आहे. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय देत नाहीत. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलं तर सवय लागण्याचा धोका फार कमी. सुरू करण्याआधी बीपी, नाडी आणि घरातला हृदयविकार डॉक्टरांनी विचारायलाच हवा. भूक मंदावते, झोप उडू शकते, म्हणून संध्याकाळी घेऊ नये. अ‍ॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

आता ऑफिस. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी मात्र नाही. नुसत्या या निदानावर सवलत मागितली तर कायद्याचा भक्कम आधार मिळणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : निदान सध्या सांगू नका, काय हवं ते मागा. ‘साहेब, तोंडी सांगितलेलं काम मेलवरही टाकाल का?’ एवढं कोणीही मागू शकतं. जीएसटीची विवरणपत्रं भरण्याच्या ११ आणि २० तारखांच्या आधीचे दोन दिवस दुसरं काम अंगावर घेऊ नका, आणि हे महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. पुढे साहेबांवर विश्वास बसला तर निदानही सांगा.

मुलाच्या शाळेत मात्र आजच सांगा. वर्गशिक्षिकांना माहीत असेल तर त्या त्याला खिडकीपासून लांब, पुढे बसवतील, आणि वही अपुरी राहिली म्हणून वर्गाबाहेर उभं करणार नाहीत.