लाकडी धनुष्य मुंबईच्या पावसाळ्यात कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की गावाहून साडेपाच फुटी लाकडी धनुष्य आणलंय, दोरी चढवून हॉलच्या भिंतीवर लावायचंय, आणि पावसाळ्यात तेल कुठलं लावू. तेलाचं नंतर सांगते, आधी ती दोरी उतरवा. आत्ता, उत्तर वाचायच्या आधी उतरवलीत तरी चालेल.

मी मुलुंडला राहते, साताठ वर्षं बांबूचं आणि लाकडाचं धनुष्य चालवतेय आणि त्यातलं एक मी स्वतःच्या हाताने घालवलंय. झालं असं की खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली, विळी, पाने, ड्रिल मशीन आणि माझं धनुष्य. सासूबाई म्हणाल्या दोरी लावून ठेव गं, नाहीतर नुसती काठी दिसते. ठेवली. चांगलं दिसत होतं, फोटोबिटो झाले, आणि मग ते तुळशीच्या लग्नापर्यंत तसंच चढवलेलं राहिलं. उतरवलं तर सरळ व्हायला तयारच नाही, दोन्ही टोकं दोरीच्या बाजूला अडीच इंच वाकलेली. बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो ना, तो दोरीत अडकवून ओढून बघितलं, 28 इंचांवर आधी 18 किलो भरायचं ते साडेपंधरावर आलेलं. ते परत वर गेलं नाही.

कारण साधं आहे. धनुष्य वाकलं की बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तुमच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. लाकूड कोरडं असेल तर सोडल्यावर परत जागेवर येतं, ओलसर असेल तर पोटाचे दाबलेले तंतू तसेच चेपून राहतात. आणि लाकूड हवेतला दमटपणा पितच असतं, 50 टक्के आर्द्रतेत लाकडात 9 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, 85 टक्क्यांत बरेच दिवस राहिलं की 17-18 पर्यंत जातं, आणि धनुष्य बनवणाऱ्यांना ते 8 ते 10 हवं असतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये 85 म्हणजे रोजचंच. मी अख्खा पावसाळा प्यायलेलं लाकूड महिनाभर ताणून ठेवलं होतं, दुसरं काय होणार.

म्हणून नेमबाजी झाली की लगेच दोरी खाली, चहाला थांबलात तरी खाली. पावसाळ्यात सराव कमी वेळ करा आणि सुरुवातीला अर्धंच ओढून चारपाच वेळा लाकूड जागं करा. बाण न लावता ओढून सोडू नका, पाहुण्यांना तर हातात देऊच नका कारण प्रत्येक जण पहिलं तेच करतो, बाणात जायची ताकद लाकडातच परत येते आणि एखाद दिवशी तडकतं. दोरी चढवताना पायात अडकवून पिळण्यापेक्षा स्ट्रिंगर, म्हणजे दोन टोकांना खोबण्या असलेली दोरी वापरा, नाहीतर लिम्ब पिळवटतो. (लिम्ब म्हणजे धनुष्याचा वरचा-खालचा हात, ग्राउंडवर सगळे तेच म्हणतात, माझ्या आईला बरेच दिवस वाटायचं मी लिंबाबद्दल बोलतेय.)

भिंतीवर लावायला हरकत नाही, फक्त दोरी उतरवून, आडवं, दोन रुंद खुंट्यांवर, खुंट्यांना जुनं कापड गुंडाळून. पण भिंत कुठली ते बघा! आपल्याकडे बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येतेच, सोसायटीने कितीही वॉटरप्रूफिंग केलेलं असो, तेव्हा दोन खोल्यांमधली आतली भिंत घ्या. कोपऱ्यात टेकवून उभं ठेवू नका, स्वतःच्या वजनाने वाकतं आणि लादीवर टेकलेलं टोक ओल खेचतं. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावरही नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते. एसीचं टेन्शन घेऊ नका, लाकडाला हवा बदललेली कळायला बरेच दिवस लागतात, चार तास एसी लावलात म्हणून काही होत नाही. मी जून ते सप्टेंबर कपाटात टांगून ठेवते आणि खाली कोपऱ्यात जुना झिरोचा बल्ब, फिलामेंटवाला 15 वॉटचा, कपड्यांपासून आणि धनुष्यापासून हातभर लांब, फक्त मी घरात असताना. एलईडी लावून उपयोग नाही, ऊब तर यायला पाहिजे.

आता तेल. खोबरेल नको, मोहरीचं नको, ही तेलं वाळत नाहीत, चिकट राहतात आणि त्यावर धूळ आणि बुरशी दोन्ही बसतात. पेंटवाल्याकडे जवसाचं बेलतेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) मिळतं ते घ्या, पातळ हात द्या, दहा मिनिटांनी पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या, मग परत एकदा, आणि वर थोडं मेण. पण खरं सांगू, तेलावर लोकांचा जरा जास्तच विश्वास आहे. तेल थेंब थोपवतं, हवेतली वाफ नाही. वाफेला लाखेचं पॉलिश जास्त चांगलं, फर्निचरवाले स्पिरिटमध्ये मारतात तेच. टोकांना आणि दोरीच्या खाचांना एक हात जास्त द्या कारण लाकूड आडव्या कापातूनच सगळ्यात पटकन पितं. आणि तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लोकलने नेत असाल तर पीव्हीसी पाईपमध्ये घाला, पण घरी आल्यावर बाहेर काढा, भिजलेलं असेल तर पुसून पंख्याखाली, उन्हात नाही. बांबूचं असेल तर खाली बारीक पिठासारखा भुसा पडतोय का बघत जा, पडला तर आत किडा आहे. आणि महिन्यातून एकदा कापसाचा बोळा पाठीवरून फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे कुसळ उठलंय, पोटावर आडव्या केसासारख्या रेषा दिसल्या तरी तसंच, ते धनुष्य आता ओढायचं नाही.

एक राहिलंच. गावाहून आणलंय म्हणताय पण किती जुनं ते लिहिलं नाहीत. वाड्यातलं, शिंग आणि जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंचे) थर सरसाने चिकटवलेलं असेल तर वरचं काहीही लागू नाही, ना तेल ना पॉलिश. सरस दमटपणात सुटतो (आपल्याकडे पोलादी धनुष्यंही बनायची, ती शस्त्रागारात पडून राहिली तरी असे थर सुटायची भीती नाही). शिवाय दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळतं, लोकांना वाटतं वळलंय त्याच बाजूला दोरी बांधायची, आणि मोडतात. तसलं असेल तर चढवायला जाऊच नका, फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे आधी विचारा.