तीस वर्षे रखडलेला चौथा भाग

प्रश्न : ‘मॅड मॅक्स’ या चित्रपटमालिकेचा तिसरा भाग १९८५ साली आला आणि चौथा, ‘फ्युरी रोड’, थेट २०१५ साली. मधल्या काळात दिग्दर्शकाने हा विषय सोडून दिला होता का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोडून दिला नव्हता, तो तीनदा उभा राहण्याच्या बेतात असताना आडवा झाला. जॉर्ज मिलर यांनी २००१ च्या सुमारास चित्रपटाची जुळवाजुळव केली होती, परंतु ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ऑस्ट्रेलियन डॉलरच्या तुलनेत अमेरिकी डॉलर घसरला आणि खर्चाचे गणित बिघडले. २००३ साली आधीच्या भागांचे नायक मेल गिब्सन यांनाच घेऊन नामिबियात चित्रीकरण करण्याचे ठरले, तर इराकचे युद्ध सुरू झाले व विम्यापासून जहाजवाहतुकीपर्यंत सगळेच अडून बसले. मिलर मग पेंग्विनांच्या ‘हॅपी फीट’ या ॲनिमेशनपटाकडे वळले आणि त्याला ऑस्करही मिळाले. पुढे प्रमुख भूमिकांसाठी टॉम हार्डी व शार्लीझ थेरन यांची निवड झाली आणि दुसऱ्या भागाचे चित्रीकरण जिथे झाले होते त्या ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या ओसाड माळावर काम सुरू होणार, एवढ्यात तिथे वर्षानुवर्षांत झाला नव्हता असा पाऊस पडला. ज्या लाल मातीवर उजाड जग दाखवायचे होते, ती रानफुलांनी झाकून गेली! अखेर सारी वाहने जहाजाने आफ्रिकेत नेऊन २०१२ साली नामिबियाच्या वाळवंटात चित्रीकरण झाले, आणि राहिलेला भाग २०१३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात पुरा करण्यात आला.

या रखडण्यातून एक गोष्ट मात्र साधली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. या चित्रपटाची पटकथा शब्दांत लिहिण्याआधी चित्रांत उतरली. ब्रेंडन मॅकार्थी आणि इतर चित्रकारांच्या साथीने मिलर यांनी सुमारे साडेतीन हजार चित्रचौकटी काढून घेतल्या होत्या. कोणती गाडी कोणत्या बाजूने येणार, कोण कुणाकडे पाहणार, हात कुठे पडणार, हे सारे त्यांत होते. पैसा थांबला, कलाकार बदलले, देश बदलला, तरी ही चित्रे हाताशी राहिली.

प्रश्न : धावत्या गाड्यांवर उंच काठ्यांना लटकून झोके घेणारी माणसे खरी आहेत की संगणकावर केलेली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माणसे खरी आहेत, काठ्या खऱ्या आहेत आणि गाड्याही खरोखरच धावत होत्या. विशेष म्हणजे हे शक्य होईल असे आरंभी मिलर यांनाही वाटत नव्हते. गाड्या उभ्या ठेवून झोके टिपावेत आणि नंतर दोन्ही चित्रे जोडावीत, असा त्यांचा विचार होता. साहसदृश्यांचे प्रमुख गाय नॉरिस यांनी तो बदलायला लावला. संगीताचा ताल मोजणारे मेट्रोनोम हे उपकरण आपण पाहिले असेल, तर त्याचा दांडा डोळ्यांसमोर आणा. काठीच्या बुडाशी जड वजन बांधले की वरचा माणूस एका बाजूला झुकला तरी खालचे वजन त्याला तोलून धरते, आणि काठी सावकाश, एका लयीत पलीकडे जाऊन परत येते. त्या संथ लयीमुळेच ते दृश्य अधिक भयावह दिसते. हे नॉरिस दुसऱ्या भागात, म्हणजे १९८१ साली, स्वतः स्टंटमन होते.

संगणकाचा उपयोग झालाच नाही, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. सुरक्षेच्या तारा पुसणे, आकाशाचे रंग, धुळीचे प्रचंड वादळ आणि थेरन यांनी साकारलेल्या फ्युरिओसाचा नसलेला हात ही कामे संगणकाचीच आहेत. अशी दृश्ये सुमारे दोन हजार होती. चित्रपटात दिसणारी आग ओकणारी गिटार मात्र खरी होती, वाजतही होती.

प्रश्न : इतक्या वेगाने दृश्ये बदलत असूनही डोके गरगरत नाही, याचे कारण काय असावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दोन तासांच्या या चित्रपटात जवळजवळ २७०० तुकडे जोडलेले आहेत, म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदही न होता दृश्य बदलते. तरीही सारे कळते, कारण पाहण्याजोगी गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागीच ठेवलेली आहे. निवृत्तीतून परत आलेले छायालेखक जॉन सील आणि त्यांचे सहकारी कॅमेऱ्याच्या पडद्यावरील मधल्या फुलीवर कुणाचे नाक, कुणाची बंदूक नेमकी आणून ठेवत. त्यामुळे एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. कोणताही प्रसंग घरी पाहताना पडद्याच्या मध्यावर बोट धरून पाहावे; बोटाखालून महत्त्वाची गोष्ट क्वचितच सुटते.

या कामाचे मोठे श्रेय संकलक मार्गारेट सिक्सेल यांचे आहे. त्या मिलर यांच्या पत्नी असून त्यांनी तोवर एकही मारधाडपट संकलित केलेला नव्हता, आणि नेमके म्हणूनच मिलर यांनी त्यांची निवड केली. हा चित्रपट इतर मारधाडपटांसारखा दिसू नये, अशी त्यांची इच्छा होती. सुमारे ४८० तासांचे चित्रीकरण सिक्सेल यांनी पाहिले, निवडले आणि दोन तासांत बसवले. चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्करांपैकी एक त्यांचे आहे, आणि त्यांचे नाव प्रेक्षकांच्या ओठी अजून हवे तितके नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : जुन्या चित्रपटांतील कुणी कलाकार यात आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे. खलनायक इमॉर्टन जो साकारणारे ह्यू कीज-बर्न हेच १९७९ च्या पहिल्या चित्रपटातही खलनायक होते. त्या वेळी त्यांच्या भूमिकेचे नाव टोकटर असे होते. नव्या चित्रपटात दातांच्या मुखवट्याने त्यांचा निम्मा चेहरा झाकलेला आहे, त्यामुळे जुन्या प्रेक्षकांनाही त्यांना केवळ डोळ्यांवरूनच ओळखावे लागते.