पट्टी उतरवली तर पार्टी उतरते का?

गळ्याचं गाऱ्हाणं : वाचकांचे प्रश्न, संगीत शिक्षकाची उत्तरं

या खेपेला एकच पत्र घेतो आहे. पत्र मोठं आहे आणि माझं उत्तर त्याहून मोठं झालंय. ताईंच्या विनंतीवरून नाव-गाव छापत नाही. छापून येईपर्यंत सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, होऊन गेल्या असत्या, म्हणून यातलं महत्त्वाचं तेवढं त्यांना टपालाने आधीच कळवलंय. नवख्यांसाठी एवढंच : पट्टी म्हणजे पेटीवरचा तो सूर, जो ‘सा’ धरून गाणं गातात. पट्टी उतरवली की सगळं गाणं खालच्या सुरात येतं.

प्रश्न : सर, सप्रेम जयभीम. आम्ही पूर्णा तालुक्यातले. माझे मिस्टर गायन पार्टीत ढोलकीला आहेत, पार्टी माझ्या चुलत दिराची आहे. मुलगा १३ वर्षांचा, यंदा आठवीत जाईल. सहाव्या वर्षापासून भीमगीतं गातो. बॅनरवर त्याचाच फोटो सगळ्यात मोठा असतो. यंदा १४ एप्रिलपासून १७ दिवसांत १४ कार्यक्रम झाले. रात्री दहाला स्टेजवर चढायचं, पहाटे तीन-चारला जीपने घरी. आता सकाळी त्याचा आवाज बसलेला असतो, अन् गाताना वरच्या ओळीला मधेच फाटतो. परवा एका गावात लोक हसले. लेकरू स्टेजच्या मागं जाऊन रडलं. सासूबाई काढा देतात. दीर म्हणतात, कच्चं अंडं द्या, तोंडात लवंग धरू द्या, फारच झालं तर गावातल्या डॉक्टरकडून सुई मारून आणू. मे महिन्याच्या ११ सुपाऱ्या घेतल्यात, त्यात बुद्धपौर्णिमेची मोठी आहे. पट्टी खाली घ्या म्हटलं तर दीर म्हणतात, ‘पट्टी उतरवली की पार्टी उतरते.’ मी काय करू?

उत्तर : ताई, जयभीम.

पहिल्यांदा दिरांनी सांगितलेली ती सुई थांबवा. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

मोठमोठ्या गायकांनाही डॉक्टर कधीकधी सूज उतरवणारं औषध देतात, नाही असं नाही. पण ते आधी दुर्बिणीतून घसा बघतात, मगच देतात. न बघता मारलेल्या सुईने सूज दोन दिवस उतरते, गळा मोकळा वाटतो, आणि त्या मोकळेपणाच्या भरात पोरगं दुप्पट जोरानं गातं. स्वरतंतूवरची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटायला एवढं पुरतं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली अ‍ॅस्पिरिनची गोळीही या वयात परस्पर देऊ नका. तिने रक्त पातळ होतं, आणि लहान मुलांना तिचे दुसरेही धोके आहेत.

आता मूळ गोष्ट. मी डॉक्टर नाही, गाण्याचा मास्तर आहे. तरी तुमच्या पत्रावरून मला दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या दिसतात. सकाळी बसलेला आवाज हा थकव्याचा. वरच्या ओळीला फाटणारा आवाज बहुतेक वयाचा. तुमच्या लेकराचा आवाज फुटतोय.

बारा-तेरा-चौदाच्या आसपास मुलाचा कंठ वाढतो, गळ्यावर मणी दिसायला लागतो, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज जवळजवळ एक सप्तक, म्हणजे ‘सा’पासून ‘सा’पर्यंतचा एक पूर्ण टप्पा, खाली येतो. हे काही महिन्यांत होतं, कुणाला वर्षही लागतं. तुमच्या मिस्टरांना असं सांगा : ढोलकीची उजवी, लहान पुडी (चामड्याचं तोंड) रातोरात डाव्या, मोठ्या पुडीएवढी झाली आणि वाजवणाऱ्याला कुणी कळवलंच नाही, तर तो काय करील? जुन्याच चढ्या सुराला मिळवायला कड्या ओढत बसेल. पुडी फाटेपर्यंत ओढेल. तुमचं लेकरू रोज रात्री तेच करतंय. तुमच्या पत्रात पट्टी लिहिलेली नाही, पण सहा वर्षांच्या पोराला बसवलेली असणार म्हणजे काळी चार किंवा काळी पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी, चढा सूर), मी पैज लावतो.

हे मी एवढ्या खात्रीनं का सांगतो, तर माझं तेच झालं. मी जालन्याचा. गल्लीच्या मेळ्यात मी ‘कोकिळा’ होतो, मला शाली मिळत. चौदाव्या वर्षी आवाज फाटायला लागला, तेव्हा मेळ्याच्या मास्तरांनी पट्टी उतरवली नाही. माझ्या तोंडात खडीसाखर-मिरे कोंबले आणि म्हणाले, ‘ताण, निघेल.’ मी ताणलं. गणपतीच्या दहा दिवसांतल्या आठव्या रात्री आवाज निघालाच नाही. पुढचे तीन महिने मी शाळेत पाटीवर लिहून बोलत होतो. आवाज परत आला, पण तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, तेव्हापासून माझा राहिला नाही. शिकवताना तिथं पोहोचलो की मी पेटीवर बोट ठेवतो आणि विद्यार्थ्याकडे बघतो. मास्तर वाईट नव्हते. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

बोलताना किंवा गाताना स्वरतंतू एकमेकांवर टाळीसारखे आपटतात. लहान मुलाचे सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा. चार मिनिटांच्या गाण्यात निम्मा वेळ जरी आवाज निघाला, तरी तीस हजार टाळ्या होतात. चढ्या पट्टीत, जोर लावून, रात्री दीड वाजता त्या टाळ्यांचा मार वाढतो. आपटून आपटून दोन्ही तंतूंच्या पुढच्या भागात, समोरासमोर, हाताला घट्टे पडावेत तशा गाठी येतात. लहान मुलांमध्ये त्या बऱ्याचदा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने बऱ्या होतात, कापाकापी लागत नाही. पण वेळेवर कळायला हव्यात. म्हणून पूर्ण्याहून नांदेड गाठा आणि विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. ‘पोरगं स्टेजवर गातं’ हे केसपेपर काढतानाच सांगा, नाहीतर सर्दीची गोळी घेऊन परत याल. गाता गाता आवाज एकदम गेला, थुंकीत रक्त आलं, गिळताना दुखलं किंवा श्वासाला आवाज यायला लागला, तर सुपारी-बिपारी सगळं बाजूला. त्या क्षणी गाणं बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.

आता दिरांचं म्हणणं. पट्टी उतरवली की पार्टी उतरते, हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. लोकांना पट्टी कळत नाही, ताई. लोकांना शब्द कळतो, आणि भीमगीतात तर शब्दच कमरेत बळ घेऊन उभा असतो. चढ्या पट्टीत पोराचा ‘बाबा’ हा शब्दसुद्धा किंकाळी होतो. तीच ओळ खाली घेतली की मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळते.

करायचं असं. सकाळी उठल्या उठल्या नको, दुपारी चारच्या सुमाराला त्याला वर्तमानपत्र वाचायला सांगा, सहज, बोलतो तसं. त्याचा आवाज जिथे टेकतो तो सूर पेटीवर शोधा. मग पट्टी एकेक खाली घेत बघा, कुठल्या पट्टीत तो खालच्या पंचमापासून (‘प’) वरच्या मध्यमापर्यंत (‘म’) मान न ताणता जातो. आत्ता कदाचित काळी दोन सापडेल, महिन्याने काळी एक. रोज बदलेल, म्हणून त्या-त्या दिवशी बघायचं. मधले काही सूर गायबच असतील, त्याला हसू नका. ज्या गाण्यात ते सूर आहेत ते गाणं या वर्षी दुसऱ्याला द्या. की-बोर्डवाला कुरकुर करील की सगळं पुन्हा बसवावं लागेल. त्याला म्हणावं, पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण कशाला असतं? खरी अडचण तुमच्या घरातच आहे : ढोलकी. मिस्टरांना दोन ढोलक्या ठेवाव्या लागतील, एक चढी, एक उतरी. खर्च आहे, मान्य. पण पोराच्या गळ्यापेक्षा ढोलकी स्वस्त आहे, हे त्यांना मी सांगायची गरज नसावी.

रात्रीला त्याची दोन गाणी, फार तर तीन. पहिल्या तासात. तीही सलग नकोत. वरच्या कोरसला त्याला उभंच करू नका. आणि एक गोष्ट पत्रात नाही पण मला माहीत आहे : गाणं संपलं की पोराला पुढे करून घोषणा द्यायला लावतात. माइक ओठाला लावून, पूर्ण गळ्याने, तीन वेळा. चार गाण्यांनी जेवढं बिघडत नाही तेवढं त्या तीन घोषणांनी बिघडतं. बाबासाहेबांचा जयजयकार करायला मंडपात हजार माणसं आहेत.

मॉनिटर मागा. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो, कितीही शहाणा असो. साउंडवाल्याचे बॉक्स सगळे लोकांकडे तोंड करून असतात. एक लहान बॉक्स पोराच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा, आणि त्यात ढोलकी नको, फक्त त्याचा आवाज आणि पेटी. हे फुकटात होतं, फक्त कार्यक्रमाच्या आधी तासभर पोचावं लागतं.

पाण्याचं. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे चाळीसच्या वरचा पारा. पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेने पोटात जातं. तिथून अंगात भिनून गळा ओला व्हायला काही तास लागतात. म्हणून स्टेजवर बाटली लावून उपयोग नाही, दुपारपासून घोट घोट पाजा. लघवी फिकट, पाण्यासारखी दिसली की समजा पुरलं. साध्या गरम पाण्याची वाफ पाच-दहा मिनिटं चांगली, ती मात्र थेट तंतूंपर्यंत पोचते. त्यात बाम टाकू नका, आणि पातेलं सांडणार नाही असं ठेवा. सासूबाईंचा काढा राहू द्या, ज्येष्ठमधही राहू द्या. त्याने घशाला बरं वाटतं, त्यांनाही बरं वाटतं. लवंग मात्र नको. लवंगेने जागा बधिर होते, आणि दुखणं हाच गळ्याचा पहारेकरी. कच्च्या अंड्याने आवाजाचं काही होत नाही, पोट बिघडलं तर वेगळं. आवाज बसला म्हणून कुजबुजत बोलू देऊ नका, त्यानेही तंतू ओढले जातात. हळू पण नेहमीसारखं बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. खाकरायची सवय असेल तर तेवढ्या वेळी एक घोट पाणी.

जेवणाचं मी जरा कडक सांगतो. कार्यक्रम संपला की आयोजक प्रेमाने जेवू घालतात, रात्री दोन वाजता तर्रीचा रस्सा. पोरगं भरपेट जेवतं आणि जीपमध्ये आडवं होतं. पोटातलं आंबट वर येतं आणि झोपेत स्वरतंतूंवर पसरतं. सकाळच्या बसलेल्या आवाजात याचा वाटा असू शकतो. संध्याकाळी सातला वरण-भाकरी खाऊ घालून न्या, नंतर फक्त केळं. आयोजकांना वाईट वाटलं तर डबा बांधून घ्या. जीपमध्ये इंजिनाच्या आवाजावर गप्पा मारू देऊ नका, आणि नाकातोंडाला रुमाल.

झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. चारला घरी येणारं लेकरू बाराशिवाय उठवायचं नाही, पाहुणे आले तरी. आठवड्यात सलग दोन रात्रींच्या वर नको.

दिरांशी बोलायला तुम्हाला जड जाईल, नात्यातलं आहे. म्हणून कायद्याचं सांगतो, तो माझ्या नावावर सांगा. चौदा वर्षांखालच्या कलाकार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. असा व्यावसायिक कार्यक्रम घ्यायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुलाच्या नावाचं पासबुक आहे का, हा प्रश्न तुम्ही जेवताना सहज विचारा. शिवाय रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तीही सरकारने ठरवलेल्या दिवशी. म्हणजे दहाला सुरू होणारा कार्यक्रम मुळातच चुकीच्या वेळी सुरू होतोय. पोराचा वेळ आठ ते नऊ ठेवा, त्यात आयोजकांचंही भलं.

आता ते रडलं त्याबद्दल. त्याला ‘काही नाही होत’ म्हणू नका. त्याला खरं सांगा : तुझा गळा मोठा होतोय, म्हणून घसरतोय, मिसरूड फुटतं तसं. हसणाऱ्यातल्या निम्म्या बाप्यांचा आवाज असाच फुटला होता. आणि बाकीच्या सुपाऱ्यांना त्याला बापाशेजारी बसवा. ढोलकीवर हात बसेल, पेटीची ओळख होईल, बॅनरवरचा फोटोही खोटा ठरणार नाही. बुद्धपौर्णिमेला गायचंच असेल तर एक गाणं, खालच्या पट्टीत. आधी निवेदकाने सांगावं, ‘आज आमचा बाळ त्याच्या नव्या आवाजात गाणार आहे.’ मग फाटला तरी लोक टाळ्या वाजवतील. मी आपल्या लोकांना ओळखतो.

दिवाळीनंतर मला एक कार्ड टाका, पट्टी कुठे येऊन थांबली तेवढंच लिहा. माझा अंदाज काळी एक. मिस्टरांना म्हणावं, त्यांचाही अंदाज आत्ताच लिहून ठेवा.