वाचकांचे प्रश्न : टूरर घेताना मागच्या सीटला आधी विचारा

टूरिंग बाइकवरच्या आरामाबद्दल यावेळी बरेच प्रश्न आलेत, पाच-सहा लाखांच्या गाडीवाल्यांचे पण आणि थेट होंडाच्या भल्यामोठ्या गोल्ड विंगवाल्यांचे पण. बहुतेक प्रश्नांत दुखतंय मागे बसणाऱ्याचं आणि विचारतोय पुढे बसणारा. त्यातले चार निवडलेत.

प्रश्न : दादा, मी 650 सीसीची टूरर घेतलीय. एकटा असलो की गाडी एकदम मख्खन, पण बायको मागे बसली आणि दोन्ही साइडबॉक्स भरले की सातारा-कोल्हापूर जाईस्तोवर तिची कंबर धरते, स्पीडब्रेकरवर तर ती ओरडतेच. रात्री समोरचे गाडीवाले पण सारखे डिप्पर मारतात, माझा लाइट लो बीमवर असतो तरी. सीटवाला जेल सीटचे सात हजार सांगतोय, टाकू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सात हजार आत्ता खिशातच ठेवा. डिप्परचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण दुखणं कुठंय ते तिथंच कळतं. तुमच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन एका माणसाच्या वजनाला सेट केलेलं आहे, शोरूममधून गाड्या साधारण तशाच येतात आणि नंतर कुणी त्याला हात लावत नाही. मागे बसणाऱ्याचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं, त्यात भरलेले बॉक्स, मग गाडी मागून बसते, नाक वर होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि मागचा शॉकॲब आधीच इतका दबलेला असतो की स्पीडब्रेकर आला की त्याला आणखी दबायला जागाच उरत नाही, तो तळाला टेकतो आणि तो दणका थेट वहिनींच्या मणक्यात. कितीही भारी सीट टाकली तरी हा दणका थांबणार नाही.

उपाय प्रीलोडचा, म्हणजे शॉकॲबची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्या सेटिंगचा. एक मित्र आणि एक मेजरटेप घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा (तुमच्या गाडीला नसेल तर पॅडॉक स्टँड चालणार नाही, तो मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला म्हणजे स्विंगआर्मलाच उचलतो, दोघांना धरून गाडी साइडस्टँडवर कलती करावी लागेल), मागचं चाक हवेत पाहिजे. मग ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. नंतर गाडी खाली घ्या, दोघं हेल्मेट-जॅकेट घालून बसा, बॉक्स भरलेले असू द्या, मित्राला तेच अंतर परत मोजायला सांगा. दोन्हीतला फरक सस्पेन्शनच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाहिजे, म्हणजे ट्रॅव्हल 150 मिलिमीटर असेल तर 50 च्या आसपास. तुमचा 70 च्या पुढे निघाला तर मला नवल वाटणार नाही. मग प्रीलोड वाढवत जा. काही गाड्यांना हाताने फिरवायचा नॉब असतो, काहींना हुकवाला पाना लागतो, तो टूलकिटमध्ये बघा. ब्रेकर ओलांडल्यावर गाडीचं मागचं अंग एकदाच वर येऊन शांत झालं पाहिजे, ते दोनदा-तीनदा उसळत असेल आणि तुमच्या गाडीला रिबाउंडचा (दबलेला शॉकॲब किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा) स्क्रू असेल तर तो थोडा आवळा. एकटे जाताना सगळं परत होतं तिथं आणायचं, नाहीतर तुम्हाला गाडी लाकडासारखी लागेल. मोठ्या गाड्यांना हे काम सोपं करून दिलेलं असतं, गोल्ड विंग टूरला बटणावर चार सेटिंग आहेत, एकटा, एकटा आणि सामान, दोघं, दोघं आणि सामान. आपल्याला पाना फिरवावा लागतो एवढाच फरक. टायरमधली हवा पण दोघांसाठी वेगळी असते, स्टिकरवर लिहिलेली असते, आणि ती सकाळी गाडी गार असताना भरायची.

एवढं करून दोन-तीन फेऱ्या मारा आणि तरीही बूड दुखत असेल तर मग सीट. जेलचा माझा आग्रह नाही, आपल्याकडच्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की जेल तापतं आणि लवकर गार होत नाही. बसल्यावर वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं, फोम मऊ असला की ती हाडं तासाभरात खालच्या प्लास्टिकला टेकतात, म्हणून दुकानात बोटाने दाबून मऊ लागते ती सीट लांबच्या प्रवासाला बेकार. फोम घट्ट पाहिजे, रुंद पाहिजे, आणि मागच्या सीटचा उतार पुढे नको, उतार असला की प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस पुढच्यावर घसरतो. कव्हर चढवायच्या आधी वहिनींना नुसत्या फोमवर दहा मिनिटं बसवा, चांगला सीटवाला यात कधी खळखळ करत नाही.

प्रश्न : हेल्मेटला फार हवा लागते म्हणून मोठी विंडस्क्रीन बसवली तर डोकं आणखीच गदगदतंय, आणि बायको म्हणते आधी बरं होतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : हवा लागणं आणि हवेने डोकं हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ येणाऱ्या हवेचा त्रास कमी असतो, स्क्रीनच्या कडेवरून फाटलेली हवा भोवरे करत येते ती हेल्मेट हलवते. स्क्रीन उंच झाली की हे भोवरे तुमच्या कपाळावरून जाऊन मागच्या हेल्मेटवर आदळतात, कारण मागची सीट उंच असते. मोकळ्या रस्त्यावर 80 च्या स्पीडला फूटपेगवर जोर देऊन सीटवरून थोडं उठा, मग थोडं वाका, डोकं कुठं शांत होतं ते बघा, त्या हिशोबाने स्क्रीन वर-खाली करा. कड साधारण नाकाच्या लेव्हलला असावी, म्हणजे नजर स्क्रीनवरून जाते, पावसात ओल्या स्क्रीनमधून बघावं लागत नाही. स्क्रीनच्या खालच्या बाजूला फट ठेवता आली तर ठेवा, मागे जी पोकळी होते ती भरायला तिथून हवा येते आणि भोवरे कमी होतात. आणि हे सगळं दोघं बसल्यावर करा, गाडी मागून बसलेली असेल तर स्क्रीनचा कोनच बदलतो, म्हणून आधी वरचं सातारकरांचं उत्तर. कानात इअरप्लग घाला दोघांनीही. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो आणि दिवसाच्या शेवटी जो थकवा वाटतो त्यातला बराचसा या आवाजाचाच असतो. हेल्मेटमध्ये बसवायच्या इंटरकॉमचं बोलणं प्लग घालूनही ऐकू येतं.

प्रश्न : मी गाडी चालवत नाही, मागे बसते. गुडघे अवघडतात, गिअर बदलला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटतं, थांब म्हटलं तर त्याला ऐकू जात नाही. नवरा म्हणतो सवय होईल. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सवय व्हायची वाट बघू नका. हेल्मेट आपटणं हा तुमचा दोष नाहीच, ते त्यांच्या क्लच आणि ब्रेकचं काम आहे. मागे कुणी बसलं की थ्रॉटल आधी हळूच कमी करायचा, मग गिअर टाकायचा, ब्रेक लावताना मागचा ब्रेक अगदी किंचित आधी म्हणजे गाडी खाली बसते, मग पुढचा वाढवत न्यायचा. त्यांना एकदा मागे बसवा, दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवू द्या, खंबाटकी चढून-उतरून या. हे मी मनापासून सांगतोय, यानंतर माणसाचा हात हलका होतो.

गुडघ्यांचं दुखणं सीट आणि फूटपेगमधल्या अंतराचं आहे. बऱ्याच गाड्यांसाठी पेग खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात, नाना पेठेत चौकशी करा, फक्त लावल्यावर टाच सायलेन्सरला आणि बॉक्सला लागत नाही ना ते तुम्ही स्वतः बसून बघा. टॉपबॉक्सला पाठीचं पॅड लावून घ्या, पाठ टेकली की हातांना सतत धरून बसावं लागत नाही. पण तो बॉक्स जड सामानाने भरू नका, मागच्या ॲक्सलच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, जड ते साइडबॉक्समध्ये खाली. इंटरकॉम तर घ्याच, गाडीवरच्या बाकी कुठल्याही ॲक्सेसरीच्या आधी. कधी थांबायचं ते मागच्याने ठरवायचं, दीड तासाच्या पुढे नाही आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. पारा चाळिशीत गेला की नुसतं जाळीचं जॅकेट पुरत नाही, अंगापेक्षा गरम हवा अंग सुकवत जाते, आतला टीशर्ट ओला करून वर जॅकेट घाला, पाणी पीत राहा.

आणि मागच्या माणसासाठी धरायची जागा, पायाला पेग आणि मागच्या चाकाला झाकण असलंच पाहिजे असं आपल्या मोटार वाहन नियमांतच आहे, नियम 123. नवी गाडी दिसायला छान म्हणून कुणी ग्रॅब रेल काढून टाकत असेल तर काढू देऊ नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो, गोल्ड विंग टूर डीसीटी (ऑटोमॅटिक गिअरवाली) घेतोय. माझी उंची पाच फूट सहा इंच. उन्हाळ्यात आई येणार आहे, पासष्ट वर्षांची, तिला मागे बसून फिरायचंय. जमेल का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : उंचीची काळजी नको, सीट 745 मिलिमीटर आहे, पाय टेकतील. वजन मात्र 380 किलोच्या पुढे आहे, म्हणून पार्किंगमध्ये पायाने ढकलायच्या भानगडीत पडू नका, वॉकिंग मोड आहे तो पुढे-मागे दोन्ही नेतो, त्याचाच आधी सराव करा. मागच्या सीटबाबत या गाडीला तोड नाही, पाठ टेकते, सीट गरम होते, आणि पुढे नेहमीच्या फोर्कऐवजी डबल विशबोन सस्पेन्शन असल्यामुळे खड्ड्याचा हिसका हँडलपर्यंत फारसा येत नाही.

आईंचं अवघड काम फक्त चढण्या-उतरण्याचं आहे. गाडी सपाट जागी, तुम्ही आधी बसून दोन्ही पाय घट्ट रोवलेले, आईंनी डावीकडून यायचं, एका हाताने तुमचा खांदा धरायचा आणि 'चढू का' विचारून तुम्ही 'हो' म्हटल्यावरच चढायचं. पेगवर सगळं वजन देऊन चढताना गाडी डावीकडे ओढली जाते, म्हणून घरी एक बुटकं पक्कं स्टूल ठेवा आणि बाहेर फुटपाथची कड शोधा. पाय पाठपॅडवरून नाही, सीटवरून पलीकडे टाकायचा. साडी-सलवार नको, घोट्यावर घट्ट बसणारी पँट आणि बूट. हेल्मेट तुमच्या राज्यात दोघांनाही सक्तीचं आहे, आईंचं त्या आल्यावर त्यांच्या डोक्याच्या मापाने घ्या, घरात पडलेलं जुनं देऊ नका. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मैलच जा, आणि परत आल्यावर कुठं दुखतंय ते आईंना विचारा, त्या आपणहून सांगणार नाहीत.