टीप कुणाच्या खिशात जाते? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हापशाला माझ्या मामाचं हॉटेल होतं आणि मी नऊ वर्षं त्याच्या गल्ल्यावर बसलोय, त्यामुळे मी गिऱ्हाइकाच्या बाजूचा की मालकाच्या, असं कोणी विचारू नका, मलाच नीट माहीत नाही.

प्रश्न : वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्ही घरची बारा माणसं कळंगुट भागातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. जेवण ६००० चं, बियर आणि बाकी दारू १४०० ची. बिल आलं ८४७७! त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ७४०, आणि वर जीएसटी ३३७. मॅनेजर म्हणाला मेन्यूकार्डवर खाली लिहिलंय, कम्पल्सरी आहे. बाबा म्हणाले जाऊ दे, दे पैसे, आजच्या दिवशी भांडण नको. दिले. पण हे बरोबर आहे का? (फोंडा)

उत्तर : नाही. मेन्यूकार्डवर बारीक अक्षरात लिहिलं म्हणून ते कम्पल्सरी होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली, त्यात स्पष्ट आहे की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घ्यायचा नाही, गिऱ्हाइकावर जबरदस्ती करायची नाही, तो दिला नाही म्हणून आत यायला मना करायचं नाही, आणि तुमच्या बिलात झालंय तसं तो बिलात मिसळून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन संघटना याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि मग जवळजवळ पावणेतीन वर्षं सगळे मॅनेजर "कोर्टात केस चालू आहे" एवढंच सांगत राहिले. २८ मार्च २०२५ ला कोर्टाने त्या याचिका फेटाळल्या, नियमावली बरोबर ठरवली आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंडही केला. त्यावर त्या अपिलात गेल्या ही गोष्ट वेगळी, पण म्हणून तुमच्या टेबलावर कोणी "कम्पल्सरी" म्हणू शकत नाही.

आता तुमचं बिल बघू. दारूला जीएसटी नाही, तो फक्त जेवणाला लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. ६००० वर ३०० झाले. तुमच्याकडून ३३७ घेतले, कारण ७४० च्या सर्व्हिस चार्जवरही त्यांनी ५ टक्के लावले, आणि त्या ७४० मध्ये दारूवरचे १४० सुद्धा आले! सरळ बिल ७७०० व्हायला हवं होतं, म्हणजे ७७७ जास्त गेले. आकडा लकी दिसतो पण तुमच्यासाठी नव्हता.

पुढच्या वेळी काय करायचं, तर बसल्याबसल्या ऑर्डर द्यायच्या आधीच विचारा, "सर्व्हिस चार्ज लावता का?" जेवण झाल्यावर बाबांसमोर वाद घालण्यापेक्षा हे सोपं पडतं. बिल आल्यावर लक्षात आलं तर "तेवढा काढून नवीन बिल द्या" म्हणायचं, बिलाच्या मशीनवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मी स्वतः केलंय. आणि हे मॅनेजरला किंवा गल्ल्यावर सांगा, वेटरवर आवाज चढवू नका, तो चार्ज त्या बिचाऱ्याने लावलेला नसतो आणि बहुतेक वेळा त्याला मिळतही नसतो. तरी ऐकलं नाही तर पैसे द्या, बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्याच्यापुढे जायचं असेल तर उत्तर गोव्याचा ग्राहक आयोग पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. ७७७ रुपयांसाठी कोण जातं म्हणाल, खरंय, कोणी जात नाही, म्हणून तर चाललंय.

प्रश्न : मी डिचोलीचा, वय २२, किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये दुसरा सीझन करतोय. पगार १४०००, ड्युटी सकाळी ११ ते रात्री ११, कधीकधी १ वाजतो. बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज घेतात पण आम्हाला म्हणतात तो तुमच्या पगारातच धरलाय. जीपेने कोणी टीप दिली तर ती पात्रांवच्या, म्हणजे मालकाच्या, क्यूआरवर जाते, महिन्याच्या शेवटी विचारलं तर ब्रेकेजमध्ये गेली म्हणतात. मागच्या महिन्यात माझे ९०० कापले, ग्लास मी फोडले नव्हते. गिऱ्हाईक आता सर्व्हिस चार्ज काढायला सांगतात तेव्हा मॅनेजर आम्हालाच बोलतो. आम्ही काय करायचं?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यांच्या पत्रात टीप किती द्यावी हाच प्रश्न आहे, आणि तुझ्या पत्रात खरा प्रश्न आहे, की टीप सोड, आधी पगार किती.

म्हणून सुरुवात टीपपासून नाही करत, घड्याळापासून करतो. कामाचा दिवस आठ तासांचा धर. तू बारा तास उभा असतोस. एक तास जेवायला खरोखर सोडत असतील तर तो वजा कर, पण बहुतेक ठिकाणी जेवण म्हणजे किचनच्या दारात उभ्याने दहा मिनिटांत शीत-कढी, तर रोजचे चार तास जादा झाले. जादा तासाला दुप्पट दर द्यायचा असतो, म्हणजे चार तासांचे पैसे आठ तासांच्या पैशाएवढे. आता गणित बघ, १४००० ला २६ ने भाग आणि मग ८ ने, तासाला साधारण ६७ रुपये पडतात, दुप्पट झाले १३४ आणि वर काही पैसे, रोजचे चार तास गुणिले २६ दिवस म्हणजे १०४ तास, झाले बरोबर १४०००. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीत तुझा एक पूर्ण पगार दर महिन्याला मालकाच्या खिशात राहतो! आणि आपण भांडतोय ५० रुपयांच्या टीपवर.

किमान वेतनाचा गोव्यातला आजचा दर काय, हे पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे तिथे विचार, हॉटेल-रेस्टॉरंटचा दर आणि त्यावरचा महागाई भत्ता दोन्ही विचार, नुसता मूळ दर ऐकून परत येऊ नकोस. "सर्व्हिस चार्ज पगारातच धरलाय" याचा अर्थ एवढाच की तुझा पगार गिऱ्हाइकाकडून वसूल करतात आणि वर त्याला वाटतं आपण तुला बक्षीस दिलं. पगार हा मालकाने द्यायचा असतो, धंदा झाला तरी आणि पावसात टेबलं रिकामी राहिली तरी.

ब्रेकेजचं सांगतो. कोणाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर कापता येतं, पण त्याच माणसाचं आणि त्याला आधी म्हणणं मांडायला देऊन, सगळ्यांच्या पगारातून सरसकट नाही. ग्लास फुटणं हा हॉटेलचा खर्च आहे, आमच्याकडे मामा दर चवथीच्या आधी दोन डझन ग्लास आणून ठेवायचा आणि वहीत "ग्लास" म्हणून लिहायचा, कोणाच्या नावावर नाही. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. आणि सीझन संपला म्हणून काढलं किंवा तू स्वतः सोडलंस तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिटवायचा, असं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आहे. मे महिन्याच्या शेवटी "पुढच्या सीझनला ये, तेव्हा देतो" ऐकलं असशील, ते चालत नाही.

आता टीप. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये एका केसमध्ये सांगितलंय की गिऱ्हाइकाने कार्डाने दिलेली टीप हॉटेलच्या खात्यात आली तरी ती पगार होत नाही, हॉटेल ती कामगारांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. केस इन्कम टॅक्सची होती, टीडीएस कापायचा की नाही याची, पण मुद्दा तुझ्या कामाचा आहे. पात्रांवच्या क्यूआरवर आलेली टीप पात्रांवची नाही, त्याने फक्त धरून ठेवलीय.

लगेच जाऊन भांड असं मी सांगत नाही, सीझन मध्यावर आहे आणि घरी पैसे पाठवायचे असतील, मला कळतं. पण आजपासून मोबाइलमध्ये रोज किती वाजता आलास, किती वाजता सुटलास लिहून ठेव, ड्युटी चार्टचा फोटो काढ, पगार बँकेत मागून घे. बरोबरचे ओडिशाचे, नेपाळचे पोरगे असतील त्यांनाही सांग, त्यांना तर विचारायलाही कोणी नसतं.

प्रश्न : मी मडगावला आठ टेबलांचं छोटं रेस्टॉरंट चालवतो. तुम्ही लोक लिहून मोकळे होता. भाडं, गॅस, मासळीचा दर, डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन, आणि डिसेंबरात कुक पळून जातो जास्त पगारावर. ५ टक्के सर्व्हिस चार्ज घेतो तो मी स्टाफलाच वाटतो, देवाशपथ. तो बंद केला तर पोरांना देऊ कुठून?

उत्तर : साहेब, शपथ नको, विश्वास आहे. आमच्या मामाचंही असंच चालायचं, शुक्रवारच्या बाजाराला पाय ठेवायला जागा नाही आणि मंगळवारी माशा मारत बसायचं.

पण मला सांगा, पोरांना द्यायचेच आहेत तर दर वाढवायला काय हरकत आहे? २५० ची फिश थाळी २६५ करा. नियमावली तुम्हाला दर किती ठेवायचा ते सांगत नाही, फक्त थाळी २५० ला दाखवून शेवटी वर काही लावू नका एवढंच म्हणते. गिऱ्हाईक पळेल ही भीती असते, पण २५० बघून आत आलेल्या माणसाला शेवटी जास्त बिल दिलं तर तो आज देईल आणि उद्या समोरच्याकडे जाईल. आणि दरातून आलेला पैसा पगारात गेला की तो पोराचा हक्काचा होतो, तुमच्या मर्जीचा राहत नाही. मला वाटतं मालकांना नेमकं तेच जड जातं, तुमचं म्हणत नाही.

टीप वेगळी ठेवा. आमच्याकडे गल्ल्याशेजारी डालड्याचा जुना डबा होता, झाकणाला चीर पाडलेली, चिल्लर पडली की ठण्ण आवाज यायचा आणि आतला कुक ओरडायचा "किती रे?" शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून डबा टेबलावर उलटा करायचे. वेटरला एक वाटा, कुकला एक, आणि बशा धुणाऱ्या पोराला अर्धा. हा अर्धा मी ठरवला होता, कारण तो कधी गिऱ्हाइकाच्या समोर येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. एका डिसेंबरात तो आठ दिवस तापाने पडला आणि मी स्वतः मोरीवर उभा राहिलो, सुरमईचं तेल आणि गरम पाणी आणि थांबायला एक मिनिट नाही, पुढच्या शनिवारी त्याचा वाटा पूर्ण केला. तुम्हीही वाटणी कागदावर लिहून किचनच्या भिंतीला लावा, क्यूआर ठेवायचा तर टीपेसाठी वेगळा ठेवा, आणि महिन्याचा एकूण आकडा सगळ्यांना दाखवा. मालकाने त्यातून वाटा घ्यायचा नाही, स्वतः टेबलं पुसत असला तरी.

प्रश्न : छोट्या हॉटेलच्या बिलावर "कंपोझिशन" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि तरी ५ टक्के टॅक्स घेतात. द्यायचा का? (साखळी)

उत्तर : नाही द्यायचा. कंपोझिशन ही छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची योजना आहे, त्यातला हॉटेलवाला टॅक्स आपल्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायची त्याला मुभाच नाही. शांतपणे दाखवा, बहुतेक जण काढून देतात.

प्रश्न : भाजीपावाच्या हॉटेलात टीप द्यावी का? मी रोज सकाळी जातो, ४०-५० रुपयांचं बिल होतं, रोज रोज १० रुपये ठेवायला परवडत नाही आणि नाही ठेवले तर कसंतरी वाटतं. (पेडणे)

उत्तर : रोज ठेवू नका हो. तिथे कोणी वाट बघत नसतं, आणि तुम्ही टेबलावर बसायच्या आधी चहा सांगून ठेवणारा वेटर तुमच्या १० रुपयांसाठी ते करत नाही. आमच्याकडे एक मेस्त्री यायचा, वर्षानुवर्षं पातळ भाजी आणि दोन पाव, कधी एक रुपया डब्यात टाकला नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मात्र घरच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन यायचा, कागदात बांधलेल्या, माणशी पाच, कुकला पाच, वेटरला पाच, मोरीवरच्या पोरालाही मोजून पाच. डब्याच्या पैशावरून आमच्याकडे कधी मारामारी झाली नाही, पण एका वर्षी नेवऱ्या चार माणसांच्याच आल्या आणि माणसं होती पाच, तेव्हा कुक आणि वेटर दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.